लिटल विमेन (२०१९): ज्योचं लग्न खरंच होतं का?

अबोली_फोंडा:
सिनेमा येऊन बरीच वर्षं झाली तरी धागा काढतेय, कारण आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाहीये. ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथूनच परत फिरा, पुढे सगळं फोडणार आहे.

पुस्तकात (शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' घ्या नाहीतर लुइझा मे अल्कॉटबाईंचं मूळ इंग्रजी घ्या) मार्च घरातल्या चार बहिणी आहेत, मेग, ज्यो, बेथ आणि एमी; त्यातली लिहिणारी ज्यो शेवटी प्रोफेसर भाएरशी लग्न करते, मुलांची शाळा काढते, विषय संपला. सिनेमाची दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगनं काय केलंय, तर ज्यो पावसात प्रोफेसरच्या मागे धावते, आता छत्रीखाली काहीतरी होणार एवढ्यात मधेच प्रकाशकाचं ऑफिस. प्रकाशक डॅशवूड विचारतोय की ज्योनं आपल्या पुस्तकातल्या नायिकेचं लग्न का लावलं नाही, लग्न नसेल तर पुस्तक कोण घेणार. ज्यो जरा विचार करते आणि म्हणते ठीक आहे, लावते. मग छत्रीखालचा सीन पुरा होतो, व्हायोलिन वगैरे. म्हणजे लग्न झालं, का ज्योनं ते फक्त लिहिलं?

कट्ट्यावर अर्धे म्हणाले झालं, अर्धे म्हणाले नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच या सिनेमात दुय्यम आहे. पहिला सीन आठवा, ज्यो ऑफिसच्या दारासमोर पाठमोरी उभी, आत जाते, गोष्ट मैत्रिणीची आहे म्हणून खोटं सांगते आणि बोटांना तर शाई लागलेली. तो माणूस तिच्यासमोर पानंच्या पानं फराफरा खोडतो, वर म्हणतो अशा मालाला आम्ही पंचवीस ते तीस देतो, तुला वीस. ही वीस डॉलर घेऊन आनंदानं रस्त्यावरून पळत सुटते. आणि शेवटी त्याच खुर्चीत बसून तीच बाई टक्केवारीवर घासाघीस करते, तो पाच म्हणतो, ही दहा, शेवटी ६.६ वर येतात, आणि कॉपीराइटचे पाचशे डॉलर रोख देतो म्हटल्यावर ही म्हणते नको, हक्क माझ्याकडेच राहू दे. सिनेमाचा क्लायमॅक्स तो आहे, चुंबन नव्हे. कुणी कुणाशी लग्न केलं यापेक्षा गोष्ट कुणाच्या मालकीची राहिली हे तिला दाखवायचंय असं मला वाटतं. बोला.

जुनी_वाचक:
अबोली, तू म्हणतेस ते बुद्धीला पटतं गो, पण मला या सिनेमानं रडवलं नाही आणि 'चौघीजणी' मला आजही रडवते, याचं काय करायचं? सगळा घोळ त्या मागेपुढे उड्या मारण्याचा आहे. पुस्तकात तुम्ही त्या मुलींबरोबर वर्षं काढता. पहिल्या नाताळाला त्या स्वतःची न्याहारी गरिबाघरी नेऊन देतात, मग बेथ त्याच घरातलं आजारी मूल सांभाळते, तिथून तिला ताप येतो, ती बरी होते, आणि मग कितीतरी पानांनंतर ती हळूहळू विझत जाते. आपण सवयीनं तिला गृहीत धरलेलं असतं म्हणून लागतं ते. इथे सुरुवातीलाच कळतं की ही पोरगी आजारी आहे. माझ्याबरोबर आलेल्या भाचीला मध्यंतरापर्यंत कळत नव्हतं आत्ता चाललंय ते आधीचं की नंतरचं. सगळ्यांचे कपडेही तसलेच आणि माणसंही तीच.

शिगमो९४:
ताई, रंग बघा ना. लहानपणीचं सगळं पिवळसर उबदार, नंतरचं निळसर थंड. एकदा ते लक्षात आलं की गोंधळ होत नाही.
आणि बेथबद्दल तर मी उलटं म्हणेन. ज्यो बेथच्या उशाशी खुर्चीत झोपलीय, सकाळी डोळे उघडते तर पलंग रिकामा, ही घाबरून जिना उतरते आणि खाली स्वयंपाकघरात बेथ टेबलापाशी बसलीय, बरी झालीय, आई हसतेय. मग काही वर्षांनंतरची सकाळ. तोच पलंग रिकामा, तोच जिना, पण आता प्रकाश करडा, आणि ज्यो एकेक पायरी अशी उतरते की तिला ठाऊकच आहे, आणि खाली आई एकटी. दोन्ही सकाळी एकामागोमाग लावल्या म्हणून ते जमलं, सरळ क्रमानं सांगितलं असतं तर पहिली सकाळ तोवर आपण विसरूनही गेलो असतो. एडिटिंगनं लिहिलेलं वाक्य आहे ते. मी थेटरात चष्मा काढून बसलो होतो.

जुनी_वाचक:
तो सीन चांगला आहे, मान्य. एका सीनसाठी अख्खं पुस्तक उसवायचं का, एवढंच विचारते.

म्हापशेकार:
दोन गोष्टी, कारण इथे लोक सिनेमालाच इतिहास समजायला लागलेत.

एक. प्रत्यक्षातला प्रकाशक असा खडूस नव्हता. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्समधल्या थॉमस नाइल्सनं अल्कॉटकडे मुलींसाठी गोष्ट मागितली. बाईंना तो विषय मनापासून नको होता, डायरीत लिहून ठेवलंय त्यांनी की आपल्याला बहिणी सोडल्या तर मुली फारशा आवडल्या नाहीत आणि ठाऊकही नाहीत. घरात पैशांची चणचण, म्हणून लिहायला बसल्या आणि १८६८ च्या उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत पहिला भाग हातावेगळा केला. सुरुवातीची प्रकरणं नाइल्सला कंटाळवाणी वाटली, बाईंनाही वाटली, मग त्याच्या भाचीनं वाचली आणि ती खूश. (सिनेमात डॅशवूडच्या मुली हस्तलिखित वाचून पुढे काय झालं म्हणून त्याच्या मागे लागतात, ते इथून आलंय.) आणि हक्क विकू नका, स्वतःकडे ठेवा हा सल्ला खुद्द प्रकाशकानं दिला होता. बाईंनी पुढे त्याबद्दल त्याला प्रामाणिक म्हटलंय. सिनेमावाल्यांना भांडण पाहिजे होतं म्हणून सल्ला काढून घासाघीस घातली.

दोन. ज्योचं लग्न. अल्कॉट स्वतः शेवटपर्यंत अविवाहित. पहिला भाग आला, गाजला, आणि पोरींची पत्रं सुरू, ज्योचं शेजारच्या लॉरीशी लग्न लावा, लावाच. बाई हट्टाला पेटल्या की कुणाला खूश करायला मी तिचं लॉरीशी लग्न लावणार नाही. त्यांना ज्यो बिनलग्नाची लेखिकाच ठेवायची होती, तेवढं धाडस काही झालं नाही म्हणून मग मुद्दाम एक विचित्र जोडी जमवली, वयानं मोठा, गबाळा, जर्मन उच्चाराचा प्रोफेसर. १८६९ च्या दुसऱ्या भागातलं ते लग्न म्हणजे बाईंनी वाचकांवर काढलेला राग आहे. तेव्हा गर्विगनं शेवट बदलला असं म्हणू नका, तिनं पुस्तकाच्या पोटातलं भांडण वर आणलं.

अबोली_फोंडा:
म्हणजे भाएरबद्दल तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय, फक्त रागावून.

म्हापशेकार:
मी कुणाच्याच बाजूनं नाही. आणि राग म्हणाल तर तो त्या भाएरवर आहे. गबाळा, मध्यमवयीन, कोटाची बटणं तुटलेला पाहिजे ना तो? इथे लुई गॅरेल! असला देखणा फ्रेंच माणूस घेतल्यावर बाईंचा सगळा विनोदच मेला. याच पुस्तकावरच्या १९९४ च्या सिनेमात गॅब्रिएल बर्न होता, तोही देखणाच, पण निदान थकलेला तरी दिसायचा.

शिगमो९४:
अहो मुद्दामच आहे ते. शेवट जर बाजारासाठी रचलेला असेल तर हीरो बाजाराला चालेल असाच असणार ना.

वकिलीणबाय:
धागा आत्ता वाचला. मला ज्योपेक्षा एमीबद्दल बोलायचंय. पॅरिसच्या स्टुडिओत लॉरी तिला प्रेमाबिमाचं सांगायला लागतो तेव्हा ती जे ऐकवते (मी बाई आहे, स्वतः पैसे कमवायची सोय नाही, आणि असते पैसे तरी लग्न झाल्या क्षणी ते नवऱ्याचे झाले असते, मुलंही त्याचीच, तेव्हा लग्न हा माझ्यासाठी व्यवहारच आहे) ते पुस्तकात या रूपात नाही, सिनेमात घातलंय. फ्लोरेन्स प्यू ते अशी बोलते की टाळ्या वाजवाव्यात. एप्रन काढायला त्याच्याकडे पाठ करते आणि तो मुकाट्यानं मागची बटणं सोडतो, म्हणजे भाषण चालू आणि हात कामात.

पण वकील म्हणून थोडी खोडी काढते. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ सालीच विवाहित बायकांच्या मालमत्तेचा कायदा झाला होता, म्हणजे मार्च बहिणींच्या गावात कागदावर तरी परिस्थिती एमी सांगते तितकी काळी नव्हती. व्यवहारात होतीच, ते वेगळं.

आणि आता आपल्याकडे या. एमी हे बोलते त्याच सुमारास, १८६७ मध्ये, पोर्तुगालनं आपला नागरी कायदा केला आणि १८७० पासून तो गोव्यात लागू झाला. त्यातला लग्नाचा भाग अजून आपल्यावर चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. म्हणून इथे घर विकायला काढलं की बायकोची सही लागते आणि बाहेरून आलेले खरेदीदार चक्रावतात. एमीनं हे ऐकलं असतं तर जहाजाचं तिकीट काढून पणजीला उतरली असती. मात्र त्या कायद्यातही कारभार नवऱ्याच्याच हाती दिला होता, हिस्सा निम्मा पण किल्ल्या त्याच्याकडे. आमच्या आज्यांना विचारा सही कशी व्हायची, कागद पुढे यायचा, बोट ठेवलंय तिथे कर म्हणायचे.

शिगमो९४:
मग ज्योनं गोव्यात लग्न केलं असतं तर ६.६ टक्क्यांतले ३.३ प्रोफेसरसायबाला?

वकिलीणबाय:
फी भर, मग सांगते.

कुळागर:
मी फारसा लिहीत नाही इथे पण कॉपीराइटचा विषय निघालाय म्हणून. मी पूर्वी मुलांसाठी गोष्टी लिहायचो. एका प्रकाशकानं (नाव घेत नाही, माणूस अजून बाजारात आहे) संग्रह काढला, एकरकमी पैसे दिले, एका पानाच्या कागदावर सही घेतली, मी तेव्हा एवढा खूश की वाचलंसुद्धा नाही, पुस्तक निघतंय हेच खूप होतं. नंतर त्यातल्या गोष्टी दुसऱ्या संग्रहांत दिसायला लागल्या, चित्रांसकट, एका ठिकाणी माझं नावही नाही. विचारायला गेलो तर तोच कागद पुढे केला. त्यामुळे ज्यो ती वीस डॉलरची नोट घेऊन पळते ना, त्या सीनला थेटरात लोक हसत होते आणि मला घाम फुटला. तो आनंद मला माहीत आहे. आणि शेवटी ती काचेपलीकडून पुस्तक बांधताना बघते, तिथे मला लग्न झालं का नाही झालं हे आठवलंसुद्धा नाही खरं सांगतो. छपाईचे खिळे जुळवतात, कागद दाबतात, दोऱ्यानं फर्मे शिवतात, चामडं कापतात, वर सोनेरी अक्षरं दाबून उमटवतात, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते आनंद म्हणावं का आणखी काही. सिनेमा सुरू होतो तेव्हा त्या लाल पुस्तकावर अल्कॉटचं नाव असतं आणि शेवटी जे. एल. मार्च. हे किती जणांनी पाहिलं?

अबोली_फोंडा:
कुळागर बाब, धागा काढल्याचं सार्थक झालं. नावांचं मी पाहिलं नव्हतं, आज रात्री परत लावणार.

वकिलीणबाय:
कुळागर बाब, तो कागद अजून असेल तर शोधून काढा. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांसाठी दिले असं धरायचं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. कलम १९. एका पानाच्या कागदात या गोष्टी लिहायच्या बऱ्याचदा राहून जातात. 'कायमचे' असं लिहिलं असेल तर मात्र वेगळं बोलावं लागेल. आणि नाव गाळण्याचा प्रश्न निराळा, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा अधिकार तुमच्याकडेच राहतो, कलम ५७. कागद घेऊन भेटा कुणातरी वकिलाला, मलाच असं नाही.

जुनी_वाचक:
सगळेजण पैशांवर बोलताय म्हणून मी जरा लिहिण्यावर बोलते, कारण तिथे हा सिनेमा मलासुद्धा आवडला, सगळाच वाईट म्हणत नाही मी. बेथ गेल्यावर ज्यो माळ्यावर जाते, मेणबत्ती लावून लिहायला बसते, लिहिलेली पानं जमिनीवर ओळीनं मांडत जाते, फिरून परत लावते, उजवा हात आखडला की झटकते आणि डाव्या हातानं सुरू. अल्कॉट खरंच दोन्ही हातांनी लिहायच्या, उजवा दुखायला लागला की डावा. लिहिणं हे अंगमेहनतीचं काम म्हणून दाखवलेलं मी तरी सिनेमात फार पाहिलेलं नाही, एरवी लेखक म्हणजे खिडकीबाहेर बघणारा नाहीतर कागद चुरगळून फेकणारा.

आणि त्यांची ती माळ्यावरची नाटकं! मिशा लावून ज्यो खलनायक, बेथला ढकलून उभं केलेलं, पडदा पडतो तो भलत्याच वेळी. आमच्या गावच्या जत्रेतलं मराठी नाटक डोळ्यांसमोर आलं, फक्त तिथे उलटं, बाप्ये लुगडं नेसून उभे आणि भाषणात स्वतःच हसतात.

शिगमो९४:
ताई तुम्ही आमच्याकडे यायच्या मार्गावर आहात.

जुनी_वाचक:
अजिबात नाही. एमीनं ज्योचं हस्तलिखित जाळलं तो प्रसंग घे. पुस्तकात त्यानंतर आई ज्योला सांगते की मलाही रोज राग येतो, चाळीस वर्षं मी तो आवरायला शिकतेय, आणि आपल्याला तो सगळा काळ मिळतो, राग धुमसतो, मग एमीचा बर्फावरचा अपघात, मग ज्योचा अपराधीपणा. सिनेमात लॉरा डर्न ते वाक्य छानच म्हणते पण लगेच गाडी पुढे. आणि तेरा वर्षांची एमी म्हणून फ्लोरेन्स प्यू, वर्गात लहान मुलींच्यात बसलेली, काय बाई! १९९४ मध्ये छोट्या एमीला कर्स्टन डन्स्ट आणि मोठीला दुसरी नटी घेतली होती, तेवढं तरी डोकं चालवलं होतं त्यांनी.

म्हापशेकार:
याला माझं अनुमोदन. प्यू मोठी एमी म्हणून उत्तम, लहान म्हणून अशक्य. ऑस्करला सहा नामांकनं आणि मिळालं एक, कपड्यांचं. दिग्दर्शनासाठी गर्विगला नामांकनसुद्धा नाही. ते मात्र चुकलंच, माझी कितीही भांडणं असली तरी.

अबोली_फोंडा:
माळ्यावरच्या दुसऱ्या सीनबद्दल कुणीच बोललं नाही. ज्यो आईला सांगते की बायकांना मन असतं, बुद्धी असते, महत्त्वाकांक्षा असते, बाईनं नुसतं प्रेमच करावं हे ऐकून मला वीट आलाय, आणि मग एकदम आवाज पडतो, पण मी फार एकटी आहे. पहिला भाग अल्कॉटच्याच दुसऱ्या एका कादंबरीतून उचललाय, शेवटचं वाक्य गर्विगनं जोडलंय. पोस्टरवर, स्टेटसवर सगळे पहिला भाग टाकतात आणि शेवटचं वाक्य कापतात. मला तो सीन लग्नाच्या प्रश्नापेक्षा जड वाटला, कारण त्यानंतर ती आधी नाकारलेल्या लॉरीला पत्र लिहिते, की आता विचारलंस तर हो म्हणेन, आणि तोवर त्यानं एमीशी लग्न केलेलं असतं. ते पत्र परत काढून फाडून ओढ्यात टाकते. पुस्तकातल्या ज्योनं असं पत्र लिहिलेलं नाही. हे मात्र मला खटकलं, हे मी माझ्याच सिनेमाविरुद्ध बोलतेय.

शिगमो९४:
खटकलं का? माणूस एकटं पडलं की करतं असं. मला उलट त्यामुळे ती खरी वाटली. पुस्तकातली ज्यो कधीकधी फार नीट असते.

जुनी_वाचक:
नीट?! न्यूयॉर्कमध्ये भाएर तिच्या सनसनाटी गोष्टींना नावं ठेवतो तर पुस्तकातली ज्यो त्या सगळ्या गोष्टी शेगडीत घालते. सिनेमातली ज्यो त्याच्यावर ओरडते. आता सांग नीट कोण आणि बंडखोर कोण, आणि त्यातलं अल्कॉटचं कोण.

म्हापशेकार:
अल्कॉट स्वतः टोपणनावानं तसल्याच खून-विषप्रयोगाच्या गोष्टी लिहून घर चालवत होत्या, ए. एम. बर्नार्ड म्हणून. शेगडीत घातल्या नाहीत, छापून पैसे घेतले. तेव्हा ओरडणारी जास्त जवळची.

डिचोलीचो_बाबलो:
उशिरा आलो, सगळं वाचलं. माझा साधा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, वाचते बऱ्यापैकी, सिनेमा दाखवायचा म्हणतोय. आधी कुठला दाखवू, १९९४ चा का हा? का पुस्तक आधी?

अबोली_फोंडा:
पुस्तक आधी. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात 'चौघीजणी' विचारून बघा, नाहीतर विकतच घ्या, घरात असावं असं आहे. नंतर हा सिनेमा.

जुनी_वाचक:
पुस्तक आधी, मग १९९४ चा, मग वाटलंच तर हा.

म्हापशेकार:
मी वेगळं सांगतो. पहिला भाग मेगचं लग्न ठरतं तिथे संपतो, १८६८ च्या वाचकांना तेवढाच मिळाला होता आणि पुढचा यायला पुढचं वर्ष उजाडलं. मुलीला तिथवर वाचू दे आणि पुस्तक काढून घ्या. तिला विचारा ज्योचं पुढे काय व्हायला पाहिजे, लिहून घ्या तिच्याकडून. मग बाकीचं द्या आणि सिनेमा शेवटी. तो छत्रीचा सीन तिला तुमच्यापेक्षा आधी कळेल.

डिचोलीचो_बाबलो:
ही आयडिया झकास. बायकोनं कपाटातून तिची शाळेतली प्रत काढून दिली, पोरीचं वाचन सुरू आहे, अजून मेगपर्यंत पोचली नाही पण विचारून घेतलं. म्हणाली लॉरीशीच, आणि दुसरं काही लिहिलेलं असेल तर मी वाचणार नाही. आता पुढे काय करू ते सांगा.

म्हापशेकार:
प्रकाशकाला पत्र लिहायला सांगा. दीडशे वर्षं उशीर झालाय, पण रांगेत नंबर लागेल.